लेकीचं तांग सू दो आणि माझं कराटे: एकच काता, मग भांडण कसलं?

एडिसनचा_डोंबिवलीकर

मंडळी, चार वर्षं वाचनमात्र होतो. आज राहवलं नाही.

मी १९९१ ते ९६ डोंबिवलीत शाळेच्या पटांगणावर शोतोकान कराटे शिकलो. ब्राऊन बेल्टपर्यंत पोचलो, मग बारावी आली आणि कराटे सुटलं ते सुटलंच. आता न्यू जर्सीत आहे. आठ वर्षांच्या लेकीला तिच्या मैत्रिणी जातात म्हणून कोपऱ्यावरच्या ‘तांग सू दो’ क्लासला घातलं. नाव मी आधी ऐकलेलं नव्हतं. वाटलं असेल काहीतरी चिनी.

गेल्या शनिवारी पालकांना बसायला बोलावलं होतं. पोरांनी पहिला फॉर्म केला, म्हणजे आमच्या भाषेत काता, हालचालींचा ठरलेला क्रम. डावीकडे वळून खाली ब्लॉक, एक पाऊल पुढे पंच. मागे वळून परत तेच. मग मधल्या रेषेवर तीन पंच आणि तिसऱ्याला आरोळी. माझे पाय खुर्चीखाली आपोआप सरकायला लागले. अहो, हा तर आमचा ताइक्योकू शोदान! वीसच्या वीस हालचाली, तोच इंग्रजी ‘आय’चा आकार. फरक इतकाच की आकडे ‘इच, नी, सान’च्या ऐवजी ‘हाना, तुल, सेत’ आणि नाव ‘किचो ह्यंग इल बू’.

घरी येऊन क्लासचं माहितीपत्रक काढलं. त्यात लिहिलंय, ‘दोन हजार वर्षांची प्राचीन कोरियन युद्धकला’. आता माझे प्रश्न:
हे नक्की काय आहे? कराटे, तायक्वांदो आणि हे तांग सू दो यांत खरा फरक काय? आणि पोरीला इथेच ठेवू, की तायक्वांदोला घालू (ऑलिंपिकमध्ये आहे म्हणून), की वीस मिनिटं लांबच्या कराटे क्लासला नेऊ?

भोचक_भवानी

खुर्चीखाली पाय सरकले हे ठीक, तिसऱ्या पंचाला आरोळी तर नाही ना ठोकलीत?

एडिसनचा_डोंबिवलीकर

@भोचक_भवानी, तोंड उघडलं होतं. बायकोने मांडीवर चापट मारली.

निळी_शाई

कामानिमित्त सहा वर्षं सोलमध्ये होते आणि तिथे थोडंफार शिकलेही, म्हणून लिहिते. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

‘तांग सू दो’ हे वेगळं नाव नाहीच मुळी. तांग म्हणजे चीनचं तांग घराणं, सू म्हणजे हात, दो म्हणजे मार्ग. जपानी माणूस तीच पहिली दोन अक्षरं ‘कारा-ते’ अशी वाचतो. म्हणजे पूर्वी कराटे हा शब्द ‘चिनी हात’ असाच लिहिला जायचा. पुढे जपानमध्ये राष्ट्रवादाचं वारं होतं, तेव्हा चीनचं नाव नको झालं. उच्चार तोच ठेवून ‘कारा’साठी ‘रिकामा’ या अर्थाचं अक्षर घेतलं. १९३६ साली ओकिनावा बेटावर नाहा इथे तिथल्या कराटे-गुरूंच्या बैठकीत त्यावर शिक्कामोर्तब झालं. कोरियात गेलेल्यांपैकी काहींनी जुनंच अक्षर धरून ठेवलं. म्हणजे तुमची लेक कराटेच करते आहे, फक्त जुन्या स्पेलिंगचं आणि कोरियन उच्चाराचं.

हे तिकडे गेलं कसं? १९१० ते १९४५ कोरिया जपानच्या ताब्यात होता. शिकायला टोकियोला गेलेली कोरियन मुलं तिथे कराटे शिकली. ली वोन-कुक हे त्यातले एक. ते थेट शोतोकानचे संस्थापक फुनाकोशी गिचिन यांच्याकडे शिकले आणि १९४४ मध्ये सोलला ‘चोंग दो क्वान’ काढलं. नो ब्योंग-जिक हेही फुनाकोशींचेच विद्यार्थी, त्यांनी केसोंगला ‘सोंग मू क्वान’ काढलं. ‘क्वान’ म्हणजे आपल्याकडची तालीम समजा. शोतो-कान मधलं ‘कान’ तेच.

तुमच्या लेकीच्या क्लासची परंपरा बहुतेक ह्वांग की यांची असणार, ‘मू दोक क्वान’, १९४५. ते रेल्वेत नोकरीला होते. रेल्वेच्या ग्रंथालयात कराटेवरची जपानी पुस्तकं वाचून आपण ते आत्मसात केलं, असं त्यांनी स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. मला हा माणूस फार आवडतो. ड्युटी संपल्यावर पुस्तकातली चित्रं बघून एकटाच हातपाय हलवणारा रेल्वेचा कारकून डोळ्यांपुढे आणा.

‘दोन हजार वर्षं’ हे प्रकरण मात्र स्वातंत्र्यानंतरचं. पस्तीस वर्षं ज्यांनी राज्य केलं, शाळेतून कोरियन भाषा हद्दपार केली, माणसांना जपानी आडनावं घ्यायला लावली, त्यांच्याकडून आलेली विद्या मुलांना शिकवायची कशी? मग थडग्यांतली जुनी भित्तिचित्रं, सिल्ला राज्याचे ‘ह्वारांग’ तरुण योद्धे वगैरे पूर्वज शोधले गेले. खोटं आहे, पण का बोललं गेलं ते कळतं.

तळजाईचा_वाघ

निळी_शाई, माहिती उत्तम. पण याचा शेवट नेहमी ‘म्हणजे तायक्वांदो ही कराटेची कॉपी’ असा होतो आणि मग माझं डोकं फिरतं. मी अकरा वर्षं तायक्वांदो खेळलोय, राज्यस्तरापर्यंत. आजी कुठल्या गावची हे विचारून नातवाचा खेळ कळत नाही.

नियम बघा. टोकियो ऑलिंपिकच्या नियमांत छातीच्या गार्डवर पंच म्हणजे १ गुण. तिथेच किक २, डोक्याला किक ३. गिरकी घेऊन अंगावर किक ४, गिरकी घेऊन डोक्याला ५. चेहऱ्यावर पंच मारायलाच बंदी. आता मला सांगा, असा हिशेब समोर ठेवला तर कुठला शहाणा पोरगा हाताने मारेल? साठ वर्षं हाच हिशेब मांडत गेलं की पाय हाताइतके बोलके होतात. कराटेवाला कितीही चांगला असो, आमच्या अंतरावर आला की त्याला कळतच नाही कान कधी वाजला.

किक मारायची पद्धतही निराळी. कराटेची मावाशी-गेरी बाजूने गुडघा उचलून आडवी फिरते. आमची दोल्यो-चागी सरळ समोर गुडघा उचलून येते, अगदी समोरच्या किकसारखी, आणि शेवटच्या क्षणी कंबर वळते. समोरच्याला शेवटपर्यंत कळत नाही पोटात येणार की गालावर. जुन्या कराटेत पायाच्या चवड्याने मारतात, आम्ही पायाच्या वरच्या भागाने. हे काय कॉपी करून येतं का?

कोकमसरबत

दहावीचे क्रीडागुण कशात मिळतात? मुलगा नववीत आहे.

तळजाईचा_वाघ

@कोकमसरबत, शालेय क्रीडा स्पर्धांत दोन्ही खेळ असतात. पण नुसता ब्लॅक बेल्ट दाखवून गुण मिळत नाहीत, स्पर्धेत कामगिरी लागते. यंदाची यादी आणि निकष जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारा, क्लासवाल्याच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका. आमच्या ओळखीतल्या एकाने ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धेचं मेडल आणलं होतं. स्पर्धा एका मंगल कार्यालयात झाली होती आणि परदेशी खेळाडू म्हणजे नेपाळचे दोन भाऊ.

चिंचगूळ

नेपाळ परदेशच आहे हो. हलके घ्या.

नाहा_ते_नाशिक

सगळे कोरियाने जपानकडून घेतलं म्हणताय. माझी तीन वर्षं ओकिनावात गेली, तिथला म्हातारा माणूस हसेल तुम्हाला. कराटे जपानी आहे हेच तिथे कोणी सहज मान्य करत नाही!

ओकिनावा म्हणजे र्‍यूक्यू, वेगळं राज्य होतं. जपानने ते १८७९ मध्ये खालसा केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतोसु आन्को या गुरूंनी कराटे तिथल्या शाळांत नेलं. मुलांना जमेल असे पाच सोपे काता बसवले, त्यांचं नाव ‘पिनान’. ओळीत उभं राहायचं, मास्तरांनी आकडा म्हणायचा, सगळ्यांनी एकदम पंच. आपण ज्याला प्राचीन शिस्त समजतो ती शाळेची कवायत आहे! त्यांचे शिष्य फुनाकोशी १९२२ मध्ये टोकियोला प्रात्यक्षिकाला गेले आणि तिथेच राहिले. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी त्यांना आपल्या कोदोकान या ज्युदोशाळेत बोलावलं. पांढरा गणवेश, पट्टा, ‘दान’ ही पदवी, हे सगळं कराटेने ज्युदोकडून उचललं. फुनाकोशींनी पिनानचा जपानी उच्चार केला ‘हेइआन’. आणि तीच दोन अक्षरं कोरियन माणूस वाचतो ‘प्योंग-आन’.

म्हणजे डोंबिवलीकर, तुमची लेक पुढच्या एक-दोन परीक्षांनंतर ‘प्योंग आन चो दान’ शिकेल. बघायला जाल तेव्हा खुर्चीला पाय बांधून बसा, तो तुमचा हेइआन शोदान आहे.

आणखी एक. ओकिनावातल्या जुन्या कराटेत किक कमरेच्या वर क्वचितच जाते. उभं राहणंही उंच, नैसर्गिक. शोतोकानमधले लांबलचक, खोल पवित्रे आणि उंच किका यांचं श्रेय बरंचसं फुनाकोशींच्या मुलाला, योशिताकांना देतात. तो काळ १९३० चं दशक आणि पुढची काही वर्षं, म्हणजे साधारण कोरियन विद्यार्थी टोकियोत होते तोच. त्यामुळे पाय वर उचलण्याची सुरुवातही पूर्णपणे कोरियाची म्हणता येत नाही, वाघसाहेब.

तळजाईचा_वाघ

सुरुवात कोणाचीही असो. वडापावात बटाटा पेरूचा, पाव पोर्तुगीजांचा. वडापाव कोणाचा?

नाहा_ते_नाशिक

हे मान्य. भूक लागली.

सह्याद्रीचा_सुपुत्र

सगळे एक गोष्ट विसरताय. हे सगळं मुळात भारतातून गेलं. बोधिधर्म नावाचा भिक्षू कांचीहून शाओलिनला गेला, त्याने चिन्यांना शिकवलं, तिथून ओकिनावा, तिथून जपान, मग कोरिया. आपल्याला आपल्याच गोष्टीची किंमत नाही. मर्दानी खेळ शिकवा पोरांना.

निळी_शाई

मर्दानी खेळ जरूर शिकवा, कोल्हापुरात आजही उत्तम शिकवतात. पण बोधिधर्माची गोष्ट ज्या ग्रंथावर उभी आहे तो ‘यीजिन जिंग’ सतराव्या शतकातला आणि त्याची प्रस्तावना बनावट आहे असं अभ्यासक म्हणतात. बोधिधर्म त्याच्या हजारएक वर्षं आधीचा. कोरियन माणसाने ‘दोन हजार वर्षं’ म्हटलं की आपण हसतो, आणि आपण तेच दीड हजार वर्षांवर नेऊन म्हणतो.

सह्याद्रीचा_सुपुत्र

तुमच्या अभ्यासकांना नमस्कार.

संपादक_मंडळ

धागा युद्धकलांबद्दल आहे, युद्धाबद्दल नाही. बोधिधर्मासाठी वेगळा धागा काढावा.

हाडं_मजबूत

तिन्ही खेळ कागदावर. या सगळ्यातला एकच प्रकार खरा लागतो, तो क्योकुशिन कराटे. अंगावर गार्ड नाही, ग्लोव्ह नाही, छातीवर उघड्या मुठीचे पंच, मांडीवर लो-किक. पहिल्या स्पर्धेनंतर मी चार दिवस भारतीय पद्धतीच्या संडासात बसू शकलो नव्हतो.

आणि या धाग्यासाठी गंमत म्हणजे क्योकुशिनचे संस्थापक ओयामा मासुतात्सु हे जन्माने कोरियन. मूळ नाव चोई योंग-उई, जन्म १९२३. ते जपानला गेले, फुनाकोशींकडे शिकले, मग गोजू-र्‍यू ही कराटेची दुसरी शैली शिकले, तेही जपानमध्ये राहणाऱ्या एका कोरियन गुरूकडे. म्हणजे जपानी कराटेतला सगळ्यात दांडगा प्रकार कोरियन माणसाचा. जपानी काय, कोरियन काय, करा वाटण्या!

आयटीएफ_आप्पा

आमचा कोणी विचारच करेना. तायक्वांदो म्हणजे फक्त ऑलिंपिकवालं नव्हे.

१९५५ मध्ये ‘तायक्वांदो’ हे नाव सुचवलं ते जनरल चोई होंग-ही यांनी. तेही जपानमध्ये कराटे शिकलेले. कोरियन सैन्यात त्यांनी ते रुजवलं. पण नावावरून तिथे किती वर्षं वाद चालला असेल? १९६१ मध्ये एकत्र आलेल्या संघटनेचं नाव ‘तेसूदो’ ठेवलं, तायक्वांदो नाव लागायला १९६५ उजाडलं. १९६६ मध्ये जनरलसाहेबांनी आयटीएफ, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन काढलं. पुढे सरकारशी बिनसलं आणि १९७२ मध्ये ते कॅनडाला निघून गेले. त्याच वर्षी सोलला कुक्कीवोन हे तायक्वांदोचं मुख्यालय उभं राहिलं, ७३ मध्ये दुसरी जागतिक संघटना निघाली, ती आजची ऑलिंपिकवाली. जनरलसाहेबांनी नंतर आपली विद्या उत्तर कोरियात नेली, त्यामुळे दक्षिणेत त्यांचं नाव घेणंही अवघड झालं होतं.

आमच्यात चेहऱ्याच्या उंचीवर हात चालतात, अंगावर तो जाड गार्ड नाही. आमचे चोवीस ‘तुल’ (म्हणजे काता) आहेत, दिवसाचे चोवीस तास म्हणून चोवीस. आणि ‘साइन वेव्ह’. म्हणजे प्रत्येक हालचालीत शरीर किंचित खाली, वर, परत खाली, वजन फटक्यात उतरवायचं. शोतोकानमध्ये डोकं एका पातळीत ठेवून सरकतात, आमच्यात लाट. ही साइन वेव्ह नंतर आली, सुरुवातीचे लोक कराटेसारखेच सपाट चालायचे, हे मी आयटीएफचा असूनही कबूल करतो. १९६५ च्या जनरलसाहेबांच्या पुस्तकात हेइआनही होते.

भोचक_भवानी

आप्पा, साइन वेव्ह म्हणजे ते जे समुद्रकिनाऱ्यावर उभं राहिल्यासारखं हलतात ते? माझ्या भाच्याला बघून सासूबाई म्हणाल्या होत्या, याला चक्कर येतेय का विचारा.

आयटीएफ_आप्पा

सासूबाईंना नमस्कार सांगा.

गुडघेदुखी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि नावावरून कळलं असेलच की स्वतःचा पेशंटही. सगळे इतिहास सांगताय, आठ वर्षांच्या मुलीच्या सांध्यांचं कोणी बोलत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या पोरांमध्ये ढोबळ फरक दिसतो. तायक्वांदोची मुलं येतात ती जांघेचा किंवा मांडीच्या मागचा स्नायू ओढला गेला म्हणून, नाहीतर उभ्या पायाचा गुडघा पिळला म्हणून. किक मारताना ज्या पायावर उभे आहात त्याची टाच लक्ष्याकडे फिरलीच पाहिजे. ती फिरली नाही की सगळा पीळ गुडघ्यात जातो. रबरी मॅटवर अनवाणी पाय चिकटतो, तेव्हा जास्तच. कराटेची मुलं येतात ती झेनकुत्सु-दाचीत, म्हणजे पुढे वाकलेल्या लांब पवित्र्यात, पुढचा गुडघा आत पडतो म्हणून. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेने राहिला तर काही होत नाही. आणि दोन्हीकडची येतात ती गच्चीवर शंभर बदकचाली मारायला लावणाऱ्या मास्तरांमुळे. ती चाल जपानची की कोरियाची हे निळी_शाईंनी शोधावं, माझ्या मते ती आपल्या पीटीच्या तासाची आहे.

क्लास निवडताना एकच करा. वॉर्मअप किती वेळ घेतात आणि स्ट्रेचिंग करताना पोरांच्या पाठीवर कोणी बसतं का, ते बघा. बसत असेल तर शैली कुठलीही असो, घरी न्या.

चिंचगूळ

पाठीवर बसायचे आमचे सर. ऐंशी किलोचे. आज मी उभा आहे तो नशिबाने.

मावळतीचा_मावळा

वाघसाहेबांच्या नियमांच्या मुद्द्याला दुजोरा. मला तर वाटतं या धाग्याचं उत्तर तिथेच आहे, वंशावळीत नाही.

१९५० पर्यंत सोलच्या तालमीतला आणि टोकियोच्या दोजोतला मुलगा शेजारी उभे केले असते तर फरक सांगता आला नसता. मग कोरियात छातीला गार्ड बांधून पूर्ण जोराने मारायचं ठरलं. गार्डवर पंच लागतच नाही, किक लागते. जपानमध्ये उलट ठरलं: गार्ड नको, पण फटका अंगाशी आणून थांबवायचा. आता थांबवायचा म्हटलं की हात किकेपेक्षा सोपा, वेगवान आणि खात्रीचा. म्हणून कराटेची स्पर्धा बघाल तर दोघं अंतरावर नाचतात, एकदम आत घुसून पंच, आणि रेफरीकडे बघत आरोळी. एका निर्णयाने एक पायाकडे गेला, दुसरा हाताकडे. क्योकुशिनने तिसरं ठरवलं: पूर्ण जोर, पण हाताने चेहऱ्यावर नाही. म्हणून ते छातीला छाती लावून एकमेकांना कुटतात. बॉक्सर बघून चक्रावतो.

‘थांबवायचा’ हा नियम कुठपर्यंत जातो बघा. टोकियो ऑलिंपिकमध्ये कराटे पहिल्यांदा आणि आतापर्यंत एकदाच आलं. ७ ऑगस्ट २०२१, पुरुषांची सर्वांत वरच्या वजनगटाची अंतिम लढत. सौदीचा तारेग हमेदी ४-१ ने पुढे. त्याने डोक्याला किक मारली, इराणचा सज्जाद गंजजादेह बेशुद्ध पडला. सोनं कोणाला? बेशुद्ध पडलेल्याला! फटका ताब्यात नव्हता म्हणून हमेदी बाद. शुद्धीवर आला तेव्हा हा विजेता. तायक्वांदोत हीच किक असती तर हमेदीच्या नावाने फटाके वाजले असते.

हाडं_मजबूत

आमच्यात असती तर दोघांनी वाकून नमस्कार केला असता आणि एकाला स्ट्रेचरवर नेलं असतं.

तळजाईचा_वाघ

मावळा, मनापासून सहमत. आणि प्रामाणिकपणे आमचीही खोड सांगतो. इलेक्ट्रॉनिक गार्ड आल्यापासून गार्डला सेन्सरचा मोजा लागला की गुण. त्यामुळे पोरं पुढचा पाय उचलून एका पायावर लंगडी घालत तलवारबाजी करतात. आमच्या वेळची ती गिरकी, तो आवाज, राहिलं नाही. गेल्या काही वर्षांत गिरकीचे गुण वाढवलेत ते म्हणूनच. ज्याला नुसता जुना बाज हवा त्याने तांग सू दो बघावं. अमेरिकेत ते टिकलंय याचं कारण तिथल्या हवाई दलाचे शिपाई कोरियात ओसानच्या तळावर असताना ते शिकले आणि घरी घेऊन गेले. त्यातलाच एक हॉलिवूडचा मारधाडीचा नट चक नॉरिस.

कोकमसरबत

चक नॉरिसला दहावीला क्रीडागुण मिळाले होते का?

नाहा_ते_नाशिक

दहावीला चक नॉरिसचे गुण मिळतात.

सुगरणीचा_खोपा

मध्येच विचारते, धागा बरा चाललाय म्हणून. मुलाचा कराटेचा गणवेश काखेत आणि कॉलरला पिवळा पडलाय. ब्लीच केलं तर कापड विरलं. काही उपाय?

एडिसनचा_डोंबिवलीकर

मंडळी, आठवडाभर वाचतोय. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. अपडेट देतो.

बुधवारी क्लास सुटल्यावर मास्तरांना, त्यांना ‘सा बम निम’ म्हणतात, हळूच विचारलं की हा फॉर्म मी भारतात जपानी नावाने शिकलोय. वाटलं चिडतील. ते हसले, कपाटातून विद्यार्थ्यांची जुनी माहितीपुस्तिका काढली आणि प्योंग-आनचं पान दाखवलं. त्यात स्वच्छ लिहिलंय की हे फॉर्म ‘मिस्टर इडोस’ यांनी १८७० च्या सुमारास बनवले. मी म्हटलं, मग ते दोन हजार वर्षांचं? म्हणाले, ते माहितीपत्रक छापणाऱ्याने कुठूनतरी उचललंय, मी बदलायचं म्हणतोय गेली बारा वर्षं.

निळी_शाई

इडोस म्हणजे इतोसु! अक्षरांतर होता होता बिचाऱ्यांचं ग्रीक झालं. सालही फार आधीचं आहे, पण माणूस बरोबर. म्हणजे बघा, मू दोक क्वानवाल्यांनी निदान हे लपवलं नव्हतं. ह्वांग कींना पुढे १९५७ मध्ये ग्रंथालयात १७९० चा जुना कोरियन युद्धग्रंथ सापडला, त्यावरून त्यांनी ‘सू बाक दो’ हे नाव घेतलं आणि स्वतःची वेगळी घडी बसवली. तायक्वांदोत विलीन व्हायला मात्र ते तयार झाले नाहीत. तांग सू दो वेगळं राहिलं ते या हट्टामुळे.

एडिसनचा_डोंबिवलीकर

पुढची गंमत. रविवारी बेसमेंटमध्ये लेकीसमोर ताइक्योकू शोदान करून दाखवला. अठ्ठावीस वर्षांनी. तीन पंच झाले, श्वास गेला, पण हालचाल एकही चुकली नाही. लेक हात बांधून बघत होती. म्हणाली, ‘बाबा, यू आर स्टिफ. कंबर आधी, मग हात.’ आणि करून दाखवलं. ब्लॉकच्या आधी कंबर उलट्या दिशेला वळवते, मग सोडते, हात त्याच्या मागून येतो. त्याला ते ‘होरी’ की ‘हुरी’ काहीतरी म्हणतात. आमच्याकडेही कंबर होती, पण ती शेवटी झटक्याने बंद व्हायची. हिची आधी मोठी उघडते. शिवाय हिला पांढऱ्या पट्ट्यालाच साइड किक शिकवली आहे आणि ती माझ्या खांद्यापर्यंत येते. मी तिच्या वयात गुडघ्याच्या वर गेलो नव्हतो.

तेव्हा तूर्त इथेच ठेवतोय. ऑलिंपिकला जायचं झालं तर वाघसाहेबांना फोन करीन. गुडघेदुखी, तुमचं ऐकून वॉर्मअपचं घड्याळ लावलं, अठरा मिनिटं. पाठीवर कोणी बसत नाही.

निळी_शाई

‘होरी’ म्हणजे कंबर, ‘हो’ थोडा तोंड पसरून म्हणायचा. तिथे फार महत्त्व आहे त्याला. आणि एक पहाल पुढे: यांच्या ‘दान’ला काळा पट्टा नसतो, गडद निळा असतो. काळ्या रंगावर पुढे दुसरा रंग चढत नाही, म्हणजे शिकणं संपलं, असं ह्वांग कींचं म्हणणं होतं. म्हणून मध्यरात्रीच्या आकाशाचा निळा.

हाडं_मजबूत

आमचा काळा पट्टा घासून घासून परत पांढरा होतो. पैसे वाचतात.

सुगरणीचा_खोपा

माझ्या गणवेशाचं कोणी सांगेल का?

गुडघेदुखी

खाण्याच्या सोड्यात रात्रभर भिजवा, सकाळी साध्या साबणाने चोळा, कडक उन्हात वाळवा. घामाचा डाग ब्लीचने जास्त पिवळा होतो. शेवटच्या पाण्यात थोडी नीळ.

भोचक_भवानी

नीळ बेताने हो. डोंबिवलीकरांच्या क्लासमध्ये पट्टाही त्याच बादलीत पडला तर पोरगी थेट दान व्हायची.